तारेचा ताण आणि धातूचा शंकू



वाद्यांचा इतिहास सांगतांना आपण वादकांचीं नांवें घेतों, क्वचित् कारागिरांचींहि घेतों. तारेचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. भोपळा दोन पिढ्या टिकतो, दांडी तीन पिढ्या टिकते. तार बिचारी कांहीं आठवड्यांत गंजते, तुटते आणि फेंकली जाते. परंतु आज ज्या वाद्याविषयीं बोलावयाचें आहे, त्याचा सारा इतिहास या फेंकून द्यावयाच्या वस्तूभोंवतींच फिरला आहे. हें वाद्य म्हणजे १९२७ सालीं अमेरिकेंत जन्मलेली रेझोनेटर गिटार. हिच्या पोटांत ॲल्युमिनियमचा पातळ शंकू असतो आणि तारांचा नाद त्या शंकूच्या कंपनानें मोठा होतो. हिला कोणत्या तारा लावाव्या, हा प्रश्न दिसावयास दुकानदारीचा आहे. पण त्याचें उत्तर शोधूं लागलें कीं आपण थेट इतिहासांत जाऊन पोंचतों.

एकोणिसाव्या शतकांतील गिटार ही दिवाणखान्यांतील वाद्य होती. तिच्या वरच्या तीन तारा आंतड्याच्या असत, आणि खालच्या तीन रेशमाच्या गाभ्यावर बारीक धातूची तार गुंडाळून केलेल्या असत. आवाज गोड, पण लहान. पियानोकरितां चांगली पोलादी तार इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें १८५० च्या दशकांत होऊं लागली. ती गिटारीवर चढावयास मात्र बराच काळ जावा लागला. तो योग हवाई बेटांत आला. लाइए गांवच्या जोसेफ केकुकु नांवाच्या मुलानें सुमारें १८८९ सालीं गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी कांडी सरकविण्याची रीत काढली, असें मानतात. आंतड्याच्या तारेवर कांडी नीट बोलत नाहीं. तार लवते, सूर डळमळतो आणि नाद लगेच विझतो. म्हणून पोलादी तार आली, आणि ती पडद्यांपासून उंच धरण्यांत आली. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या प्रदर्शनानंतर या हवाई संगीताचें वेड अमेरिकाभर पसरलें. मार्टिन या जुन्या कारखान्यानें १९२२ सालीं पोलादी तारांसाठींच बांधलेली गिटार विक्रीस काढली, ती याच लाटेमुळें.

तार पोलादी झाली, तरी पेटी लांकडाचीच होती. नाटकगृहांत आणि नाचाच्या दिवाणखान्यांत तुताऱ्या व ढोल यांच्यापुढें गिटारीचा आवाज बुडून जाई. लाकूड जाड केलें तर आवाज कोंडतो. पातळ केलें तर पोलादी तारा तें ओढून वांकवितात. या कोंडींतून वाट काढण्याची निकड जॉर्ज बोशाँ नांवाच्या, रंगभूमीवर गिटार वाजविणाऱ्या टेक्ससी गृहस्थाला फार भासली. कर्ण्याचें व्हायोलिन त्या वेळीं प्रचारांत होतें; तसाच कर्णा त्यानें गिटारीला बसवून पाहिला, पण तो साधला नाहीं. लॉस एंजेलिस येथें जॉन डोपायरा हा स्लोव्हाक वंशाचा कारागीर होता. १८९३ सालीं जन्मलेला हा गृहस्थ लहानपणीं कुटुंबासह अमेरिकेंत आला होता. त्यानें कर्णा सोडून दिला आणि ग्रामोफोनच्या पडद्याचें तत्त्व उचललें. जर्मन सिल्व्हरच्या पोकळ देहांत त्यानें ६ इंच व्यासाचे तीन ॲल्युमिनियमचे शंकू बसविले आणि त्यांवर टी या इंग्रजी अक्षराच्या आकाराचा धातूचा पूल ठेवला. नॅशनल या नांवानें ही गिटार बाजारांत आली. तिला 'त्रिशंकु' म्हणण्याचा मोह आपल्याला होईल. पण पुराणांतला त्रिशंकु अधांतरीं लोंबकळतो, हे तीन शंकू मात्र तारांच्या भाराखालीं घट्ट दबून असतात. हा भार लक्षांत ठेवावा. पुढील सारें विवेचन त्यावरच आधारलेलें आहे.

थोड्याच दिवसांत भागीदारांत बेबनाव झाला. डोपायरा बंधूंनीं बाहेर पडून डोब्रो नांवाची दुसरी गिटार काढली; 'डोपायरा ब्रदर्स' यांतून हें नांव झालें आणि स्लोव्हाक भाषेंत त्याचा अर्थ 'चांगलें' असाहि होतो. हिच्यांत १०॥ इंचांचा एकच शंकू वाटीसारखा उपडा न ठेवतां उताणा ठेवलेला असतो, आणि त्यावर कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या पायांची धातूची बैठक असते. नॅशनलनें याच सुमारास ९॥ इंचांच्या एका शंकूची स्वस्त गिटार काढली. तिच्यांत शंकूच्या शेंड्यावर बिस्किटाएवढी लांकडी चकती असते आणि घोडी त्या चकतींत बसविलेली असते. अशा रीतीनें पांच-सहा वर्षांच्या आंत एकाच कुळांत तीन घराणीं निर्माण झालीं.

आतां तारेकडे वळूं. फ्रेंच साधु मॅरँ मर्सेन यानें १६३६ सालीं तारेचे नियम ग्रंथांत मांडून ठेवले आहेत. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि वजन. लांबी गिटारीनेंच ठरविलेली आहे. नॅशनलवर ती २५ इंच असते. राहिले ताण आणि वजन. तोच सूर जाड तारेंतून काढावयाचा असेल, तर ती अधिक ताणावी लागते. अधिक ताणलेली जड तार घोडीला अधिक जोरानें हलविते. एवढें ऐकून कोणीहि म्हणेल कीं, मग सर्वांत जाड तार हीच सर्वांत उत्तम. लांकडी गिटारीच्या बाबतींत पुष्कळांनीं तसें मानलें. परंतु येथें पोटांत लाकूड नाहीं, पातळ पत्रा आहे.

हा शंकू देहाला चिकटविलेला नसतो. तो आपल्या कडेवर नुसता ठेवलेला असतो, आणि तारा घोडीवरून खालीं वळतांना जो दाब देतात, त्या दाबानेंच तो जागीं बसतो. तारा फार हलक्या असल्या, तर दाब अपुरा पडतो. शंकू खुळखुळतो आणि आवाज पोकळ येतो. तारा फार भारी असल्या, तर पत्रा दाबला जातो. एकदां शंकूचा शेंडा खालीं बसला कीं तो पुन्हां पूर्ववत् वर येत नाहीं. घोडी खालीं जाते, तारा पडद्यांवर खरखरतात आणि वाद्याचा मूळचा कंठ कायमचा बसतो. लांकडी चकतीच्या घराण्यांत सारा भार शेंड्यावर येतो, म्हणून तेथें हें भय अधिक. डोब्रोच्या बैठकीचे पाय भार कांठांवर वांटून देतात, म्हणून ती थोडें अधिक सोसते. कांडीनें वाजवावयाच्या गिटारीची दांडी चौकोनी व भक्कम असते. बोटांनीं पडदे दाबून वाजवावयाची गोल असते आणि भारी ताणाखालीं वांकूं शकते. म्हणून तार निवडणाऱ्यानें पहिल्यानें आपल्या वाद्याचें घराणें ओळखावें.

दुसरी गोष्ट स्वरांच्या जुळणीची. पेटीच्या परिभाषेंत बोलावयाचें तर सामान्य गिटारीची सर्वांत खालची तार पांढरी तीनवर, तिच्यावरची पांढरी सहावर आणि सर्वांत वरची पुन्हां पांढरी तीनवर असते. कांडीनें वाजविणारे ही जुळणी मोडतात व पांढरी पांच हा षड्ज धरतात. एक जुळणी खालून वर प सा प सा ग प अशी आहे. दुसरी, डोब्रोवाल्यांची, सा ग प सा ग प अशी. आपल्या कानाला दोन्ही लगेच ओळखूं येतील. पण ताणाच्या दृष्टीनें त्या परस्परविरुद्ध आहेत. पहिलींत तीन तारा प्रत्येकीं दोन अर्धस्वरांनीं उतरवाव्या लागतात. त्यामुळें त्यांचा ताण पंचमांशानें घटतो. दुसरींत वरची तार तशीच उतरते, पण खालच्या दोन चढवाव्या लागतात; पांचव्या तारेचा ताण सव्वापट होतो आणि सहाव्या तारेचा जवळजवळ दोन पंचमांशांनीं वाढतो.

तारांची जाडी इंचाच्या सहस्रांशांत मोजतात. सामान्य गिटारीच्या हलक्या संचांत पहिली तार १२ व सहावी ५३ असते. मध्यम संचांत १३ व ५६. हा मध्यम संच घेऊन डोब्रोची जुळणी केली, तर काय होतें तें पाहूं. १३ ची पहिली तार तिच्या मूळ सुरांत सुमारें २६ पौंड ताण घेते. उतरविल्यावर तो २१ पौंड राहतो. सहावी मात्र चढवून जवळजवळ त्याच्या दुपटीवर जाते. म्हणजे एका बाजूनें तार कांडीखालीं लवते आणि दुसऱ्या बाजूनें शंकू ओढला जातो. म्हणून डोब्रोकरितां निराळा संच करतात : पहिली १६, सहावी ५६. पहिली तार तीन सहस्रांशांनींच वाढली. पण वजन जाडीच्या वर्गानें वाढत असल्यामुळें त्याच सुरांत तिचा ताण दीडपट, सुमारें ३२ पौंड, झाला. सहा तारांचा एकंदर ताण २०० पौंडांच्या घरांत जातो. परंतु तो बराच समतोल असतो आणि कांडी सर्व तारांवर सारखी चालते. प सा प सा ग प या जुळणींत मात्र खालच्या दोन तारा सैल पडत असल्यामुळें त्या जुळणीला १५-१६ च्या पहिल्या तारेबरोबर खालींहि जाडच तार लागते. दोन संचांची तुलना वेष्टनावरील आंकड्यांनीं करूं नये. आपल्या जुळणींत त्यांचा ताण काय होतो, यावरून करावी.

तिसरी गोष्ट धातूची. वरच्या तारा साध्या पोलादाच्या असतात. खालच्यांच्या पोलादी गाभ्यावर दुसरा धातु गुंडाळतात. या वेष्टनाचाहि इतिहास आहे. ज्या बोशाँनें मोठ्या आवाजासाठीं धातूचा शंकू मागितला, त्यानेंच पुढें रिकनबॅकरच्या साह्यानें १९३२ सालीं विजेची गिटार बाजारांत आणली. तिच्यांत तारेचें कंपन लोहचुंबक टिपतो. कांशाचें वेष्टन त्याला कळत नाहीं, म्हणून तेथें निकेलला मान मिळाला. शंकूला लोहचुंबक नको, त्याला केवळ हालचाल हवी. त्यामुळें त्यावर निकेल, निकेल व तांबें यांचें मोनेल, कांसें, सर्व चालतात. १९७४ सालीं डॅडारिओ या न्यूयॉर्कच्या कारखान्यानें फॉस्फर कांशाच्या गिटारतारा आणल्या. त्यांचा नाद उबदार आणि टिकाऊ असल्यानें डोब्रोवादकांत त्या रूढ झाल्या. पितळी देहाच्या गिटारीवर निकेलची तार थोडी मवाळ वाटते. आणि पोलादी देहाचा मुळांतला करडेपणा पुष्कळांना कांशानें अधिक खुलतो असें वाटतें. हा निवाडा शेवटीं कानाचा आहे.

विजेनें मात्र या वाद्याची जन्मकुंडलीच पालटली. आवाज मोठा करणें हें बटण फिरविण्याइतकें सोपें झालें. महायुद्धांत धातु दुर्मिळ झाला आणि १९४२ च्या सुमारास या गिटारी बनणें थांबलें. ज्या कामासाठीं वाद्य जन्मलें, तें कामच उरलें नाहीं; न्यायानें तें वाद्य संपावयास हवें होतें. तें संपलें नाहीं. टॅम्पा रेड, सन हाउस, बुका व्हाइट या कृष्णवर्णीय गायकांनीं नॅशनलच्या धातूंतून जो सूर काढला होता, तो दुसऱ्या कशांतून निघत नव्हता. रॉय एकफच्या मेळ्यांतील ब्रदर ऑसवाल्ड आणि १९५५ पासून फ्लॅट व स्क्रग्ज यांच्या मेळ्यांत वाजविणारा जॉश ग्रेव्ह्ज यांनीं डोब्रो जिवंत ठेवली. पुढें कॅलिफोर्नियांत धातूच्या गिटारी पुन्हां नव्यानें बनूं लागल्या. लोकांना आतां हवा होता तो मोठा आवाज नव्हे, तो विशिष्ट आवाज. आणि येथेंच तारेच्या निवडीचा अर्थ बदलला. १९३० सालीं वादक विचारी, 'कोणती तार अधिक मोठ्यानें वाजेल?' आज तो विचारतो, 'कोणती तार या शंकूला त्याच्या स्वतःच्या आवाजांत बोलूं देईल?'

आपल्या देशाशीं या वाद्याचा संबंध तुटपुंजा नाहीं. केकुकुच्याच लाइए गांवांत वाढलेला टाऊ मो हा नॅशनल गिटार वाजविणारा वादक १९४० च्या दशकांत सहकुटुंब कलकत्त्यास राहिला होता. हवाई गिटार बंगालांत घरोघर गेली. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत व्हॅन शिपली, हजारा सिंग यांनीं ती गाजविली. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनीं तिच्यावर राग मांडला; शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका सर्वश्रुत आहे. विश्वमोहन भट्ट यांनीं आपल्या मोहनवीणेवर चिकारी आणि तरफा चढविल्या. पाहण्यासारखी गोष्ट ही कीं, अमेरिकेनें नाद वाढविण्यासाठीं तारेखालीं पत्रा ठेवला. आपण तारेशेजारीं तारा ठेवल्या. एकीकडे जोर वाढला, दुसरीकडे आस वाढली. पण दोन्हीकडे कारागिराला एकच हिशेब करावा लागला : इतक्या तारांचा भार हें वाद्य किती दिवस सोसेल?

जुनी गिटार हातीं आलेल्यांस दोनतीन गोष्टी सांगून हें भाषण संपवितों. सर्व तारा एकदम काढूं नयेत. दाब नाहींसा झाला कीं शंकू व घोडी जागचीं हलतात. एक काढावी, एक लावावी. जुन्या शंकूवर नवी भारी तार चढविण्यापूर्वीं शेंडा बसलेला नाहीं ना, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. आमच्या कोंकणपट्टीसारख्या खाऱ्या हवेंत तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें पुसाव्या. नाहींतर महिन्याभरांत कांशाचा नाद मावळतो. नवी तार दुकानांत केव्हांहि मिळते. १९३० सालचा शंकू मिळत नाहीं. म्हणून आधीं षड्ज ठरवावा, मग ताण, आणि जाडी सर्वांच्या शेवटीं.