एकही गोळी न झाडलेले सैन्य : समावा, २००४–२००६

१/ १९४७ पासून लागू असलेल्या जपानी संविधानाच्या नवव्या कलमाने युद्धाचा कायमचा त्याग केला आहे. तरीही २००४ च्या जानेवारीत जपानी सैनिक इराकमधील समावा शहरात दाखल झाले. हे कसे घडले?

२/ २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर जपानी नौदलाने हिंदी महासागरात मित्रराष्ट्रांच्या जहाजांना इंधन पुरवले. २००३ मध्ये पंतप्रधान कोइझुमी यांच्या सरकारने इराकसाठी खास कायदा केला. अट अशी, की काम केवळ ‘बिगर-युद्धक्षेत्रात’ व्हावे.

३/ सुमारे ६०० सैनिकांच्या तुकडीने पाणी शुद्ध केले, शाळा व रस्ते दुरुस्त केले. पाण्याच्या टँकरवर अरब मुलांच्या लाडक्या फुटबॉलनायकाचे, कॅप्टन त्सुबासाचे, चित्र होते. परिसराच्या रक्षणाची जबाबदारी मात्र आधी डच, मग ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैन्याकडे होती.

४/ २००६ च्या जुलैत तुकडी परतली. तिने एकही गोळी झाडली नाही, हल्ल्यात एकही सैनिक गमावला नाही. छावणीच्या दिशेने रॉकेटे मात्र अनेकदा आली होती.

५/ २००८ मध्ये नागोया उच्च न्यायालयाने, परदेशी सशस्त्र सैनिकांना बगदादला नेणारी जपानी हवाई वाहतूक नवव्या कलमाविरुद्ध ठरवली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लष्करी दैनंदिनींत तर समावाविषयी ‘लढाई’ हाच शब्द आढळला. कायद्याने जे नाकारले, ते सैनिकांनीच लिहून ठेवले होते.