कुत्र्याची समाधी आणि मुंबईची चाळ

साताऱ्याचे छत्रपती शाहू यांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. राजाला जागेची वाण नव्हती, गिरगाव-लालबागच्या चाळकऱ्याला मात्र लाडक्या कुत्र्याला पुरायला परसच नव्हते. मुंबईत कुत्र्यासाठी पहिला मोठा उद्रेक १८३२ साली झाला, कारण भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाने पारशी समाज दुखावला. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग आहे, म्हणजे तेथे कुत्राच माणसाला निरोप देतो. पुढे परळला पशुरुग्णालय उभे राहिले, तेही पेटिट या पारशी घराण्याच्या देणगीतून व बाई साकरबाईंच्या नावाने. लहान प्राण्यांसाठी महापालिकेची शवदाहिनी मात्र २०२३ साली सुरू झाली, आणि तीही मालाडला.