सेल्फच्या पाठीवरचं नळकांडं

गाडीचा सेल्फ उतरवून वर्तमानपत्रावर ठेवला की एकमेकांना चिकटलेली दोन नळकांडी दिसतात. मोठं नळकांडं म्हणजे मोटर. तिच्या पाठीवर बसलेलं छोटं, तो सोलेनॉइड. गॅरेजात कुणी त्याला सोलोनाइड म्हणतं, कुणी नुसतंच ‘वरचा स्विच’. मोटारींच्या इतिहासात सगळा मान मोठ्या नळकांड्याला मिळाला आहे. मोटरच्या जन्माच्या गोष्टी आहेत, पेटंटं आहेत, संग्रहालयात मांडलेले नमुने आहेत. छोट्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, आणि मला हे पटत नाही. इंजिन फिरवते मोटर हे खरं. पण तिचं दातेरी चाक इंजिनाच्या चाकात नेऊन बसवायचं, मग तिच्यात शे-दीडशे अँपिअर सोडायचे, आणि इंजिनाने पेट घेतला की दोन्ही गोष्टी उलट्या करायच्या, हे सगळं छोट्याच्या अंगावर. सेल्फ रुसला तर पुष्कळदा दोषही त्याच्यातच निघतो.

या छोट्याचं सासर मोटारीत असलं तरी माहेर तारायंत्राच्या घराण्यातलं आहे. १८२० साली डेन्मार्कमध्ये अर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई वळते. लगोलग पॅरिसमध्ये अँपिअरने तारेचं वेटोळं करून पाहिलं. असं वेटोळं चुंबकासारखं वागतं, आणि त्याला सोलेनॉइड हे नाव त्यानेच दिलं. १८२५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने वेटोळ्याच्या आत लोखंड घातलं. दोनशे ग्रॅमच्या त्या तुकड्याने चार किलो वजन उचललं. स्टर्जनची तार उघडी होती, त्यामुळे वेढे एकमेकांना टेकून चालत नसत. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने तारेवरच रेशीम गुंडाळलं, म्हणजे हवे तेवढे वेढे एकावर एक चढवता येऊ लागले. १८३१ साली येल कॉलेजासाठी त्याने केलेला चुंबक ९०० किलोंहून जास्त वजन धरून ठेवत असे.

पण आपल्या कामाची हेन्रीची करामत वेगळीच आहे. लांबून आलेला क्षीण प्रवाह मोठं काम करू शकत नाही. मात्र तो एखादा लहान चुंबक जागा करू शकतो, आणि तो चुंबक जवळच्या दांडग्या बॅटरीचा मार्ग जोडून देऊ शकतो. हाच रिले. मैलोन् मैल तारायंत्र चाललं ते याच युक्तीवर. सेल्फची किल्ली फिरवताना नेमकं हेच घडतं. किल्लीची तार बारीक, तिच्यातून मोटरचा प्रवाह न्यायचा म्हटला तर ती जळून जाईल. म्हणून किल्ली फक्त सोलेनॉइडला हाक देते. जाड केबल जोडण्याचं काम तो करतो. अलीकडच्या गाड्यांत तर किल्लीला सोलेनॉइडचाही भार नको म्हणून मध्ये आणखी एक छोटा रिले बसवतात.

वेटोळ्याचा दुसरा गुण म्हणजे लोखंडी दांडा आत ओढून घेणं. या ओढीवर एका माणसाने आगगाडी चालवली होती. चार्ल्स ग्राफ्टन पेज हा अमेरिकन पेटंट कचेरीतला माणूस. वाफेच्या इंजिनात दट्ट्या जसा पुढेमागे होतो तसा वेटोळ्यांत लोखंडी दांडा मागेपुढे खेचून त्याने चाकं फिरवली. २९ एप्रिल १८५१ रोजी वॉशिंग्टनहून ब्लेडन्सबर्गपर्यंत त्याची गाडी धावलीही, ताशी १९ मैलांपर्यंत गेली. पण वाटेत बॅटऱ्यांची चिनी मातीची भांडी तडकू लागली आणि प्रकरण तिथंच आटोपलं. पेजला पुरेपूर कळलेली एक अडचण आजही सोलेनॉइडच्या पोटात आहे. दांडा लांब असताना ओढ अगदी दुबळी असते, आणि जवळ आला की ती एकदम वाढते. पेजने त्यावर ओळीने अनेक वेटोळी लावून एकामागून एक पेटवण्याचा तोडगा काढला होता. सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये तोडगा निराळा आहे. तो पुढे येईल.

आता सासरकडे. सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून सुरू होत. इंजिन उलटं फिरलं तर हँडल तितक्याच जोरात माघारी येई आणि मनगट किंवा अंगठा मोडे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती गुंडाळायचा नाही, असं नवशिक्याला आधी बजावत. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला डॉक्टर अजून ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. १९०८ मध्ये बायरन कार्टर नावाचा मोटार-कारखानदार वारला. डेट्रॉइटजवळ एका बाईची बंद पडलेली कॅडिलॅक चालू करून देताना हँडलचा तडाखा त्याच्या जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यातून तो उठला नाही, अशी गोष्ट अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. बाई कोण, जागा कुठली, थंडी किती, हे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. तेव्हा ती जरा सावधपणेच ऐकावी. कॅडिलॅकच्या हेन्री लेलंडने मात्र हँडल घालवायचं मनावर घेतलं होतं, आणि काम ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगकडे गेलं.

केटरिंग पूर्वी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. गल्ल्याच्या यंत्राला हातमूठ फिरवावी लागे, तिथं त्याने विजेची मोटर बसवली होती. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल असं बाकीचे धरून चालले होते. गल्ल्याने केटरिंगला शिकवलं होतं की काम काही सेकंदांचंच असेल तर लहानशा मोटरवर तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो. तापायच्या आत ती मोकळी होते. फेब्रुवारी १९११ मध्ये त्याने सेल्फ चालवून दाखवला, १९१२ च्या कॅडिलॅकवर तो आला, पेटंट १९१५ मध्ये मिळालं. त्या पहिल्या यंत्रणेत बॅटऱ्या सुरू करताना २४ व्होल्टवर आणि चार्ज होताना ६ व्होल्टवर जोडल्या जात.

एवढं सगळं झालं तरी दातेरी चाक जागेवर सरकवायला आणि तांबं तांब्याला टेकवायला माणूसच लागत होता. त्या काळच्या गाड्यांत चालक पायाने खटका दाबी. अर्ध्या दाबात ते दातेरी चाक, म्हणजे पिनियन, सरके, पूर्ण दाबला की प्रवाह सुरू होई. पाय उचलायला उशीर झाला तर चालू इंजिन मोटरला भयंकर वेगाने फिरवी आणि तिची वेटोळी उचकटून निघत. सोलेनॉइड पुढे जे काम करू लागला, ते आधी या पायाचं होतं.

यातलं सरकवण्याचं काम व्हिन्सेंट बेंडिक्सने पायाकडून काढून घेतलं. मोटरच्या दांड्यावर जाड आटे पाडून पिनियन त्यावर सैल बसवलं. मोटर झटक्यात फिरली की पिनियन आपल्या जडपणामुळे मागे राहतं, आट्यांवरून पुढे सरकतं आणि इंजिनाच्या चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दात्यांत जातं. इंजिन वेगात आलं की तेच त्याला परत फेकतं. १९१४ साली शेवर्लेच्या गाडीत हे आलं आणि पन्नासेक वर्षं जगभर चाललं. आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन सेल्फच्या पिनियनला आजही सरसकट ‘बेंडिक्स’ म्हणतात, मग आतली रचना बेंडिक्सची असो वा नसो.

उरलं ते तांबं जोडण्याचं काम. मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली तेव्हाच्या जीपमध्ये ते अजून पायाकडेच होतं. फळीवर बटण, त्याच्याखाली जाड केबल, आणि त्यावर चालकाचा बूट. अमेरिकेत मात्र फोर्डच्या गाड्यांत सोलेनॉइड स्विच मडगार्डच्या आतल्या बाजूला बसला होता. मोटरपासून दूर, फक्त प्रवाह जोडणारा. क्रायस्लरने १९४९ च्या गाड्यांत इग्निशनच्या किल्लीनेच सेल्फ मारायची सोय दिली. किल्लीला असं काम सांगायचं तर मध्ये चुंबक हवाच.

बेंडिक्सची खोड अशी की पिनियन फिरत फिरत दात्यांवर आदळतं, दाते झिजतात. आणि थंड इंजिनाने एकदाच ‘भुक्’ केलं की ते बाहेर फेकलं जातं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डिझेलला तर हे परवडणारंच नाही, कारण त्याचं कॉम्प्रेशन दांडगं आणि पेट घ्यायला वेळ जास्त. म्हणून सोलेनॉइड मोटरच्या पाठीवर आला. त्याच्या लोखंडी दांड्याच्या एका टोकाला काटा अडकवला, जो पिनियन पुढे लोटतो. दुसऱ्या टोकाला तांब्याची चकती, जी पिनियन बसल्यावरच दोन जाड बोल्टांना टेकते. आधी दाते, मग वीज. जुन्या चालकाच्या पायाचा अर्धा दाब आणि पूर्ण दाब हाच क्रम.

आणि पेजची अडचण? तिच्यासाठी आत दोन वेटोळी असतात. जाड तारेचं ओढणारं आणि बारीक तारेचं धरून ठेवणारं. किल्ली फिरवताच दोन्ही जागी होतात. जाड वेटोळ्याची अर्थ मोटरमधून जाते. चकती टेकली की त्याच्या दोन्ही टोकांना सारखेच १२ व्होल्ट येतात, प्रवाह आपोआप थांबतो, आणि जवळ आलेला दांडा धरायला बारीक वेटोळं पुरतं. एकही जादा स्विच न वापरता साधलेली ही बचत मला केटरिंगच्या मोटरपेक्षा जास्त देखणी वाटते.

घरी सोलेनॉइड बदलायला बसणाऱ्याला हे दोन्ही वेटोळ्यांचं प्रकरण फार उपयोगी पडतं, कारण दोष आवाजातच सांगितलेला असतो. ‘कट्-कट्-कट्’ असा ताशा वाजला तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल गंजलेलं. चकती टेकते, मोटर वीज खेचते, व्होल्ट पडतात, बारीक वेटोळ्याला धरवत नाही, दांडा सुटतो, व्होल्ट परत चढतात, पुन्हा ओढ. बॅटरी धडधाकट असूनही हाच ताशा वाजला तर बारीक वेटोळं तुटलेलं असू शकतं. एकच दणकट ‘ठक्’ आणि पुढे काहीच नाही, तर चकती आणि बोल्टांची डोकी जळाली असावीत. दर वेळी जोडताना-तोडताना ठिणगी पडते आणि तांबं कणाकणाने खाल्लं जातं. खात्री करायला कुणाला तरी किल्ली धरायला सांगून मल्टिमीटर दोन जाड बोल्टांवर लावावा. ‘ठक्’ झाल्यावर तिथं जवळजवळ शून्य दिसायला हवं. १२ च्या आसपास दिसले तर चकती जोडतच नाही.

स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून दोन जाड बोल्ट जोडायची रस्त्यावरची युक्ती पाठीवरच्या सोलेनॉइडला फारशी कामाची नाही. मोटर नुसती गरगरते, पिनियन जागचं हलत नाही, कारण ओढायला कुणी नाही. बॅटरीच्या बोल्टावरून किल्लीच्या बारीक टर्मिनलवर टाकला तर सगळी साखळी हलते. पण गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्या माणसावर येते. या युक्तीने माणसं दगावली आहेत.

बदलायची कृती तशी सोपी. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, कारण सोलेनॉइडच्या एका बोल्टावर बॅटरीचा प्लस कायम उभा असतो. जाड केबलचा नट सोडताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरावा. बोल्ट फिरला तर आतली जोडणी तुटते. सेल्फ बाहेर काढून मोटरकडे जाणारी पट्टी सोडली, दोन-तीन स्क्रू काढले की सोलेनॉइड मोकळा होतो. दांडा काट्यातून सोडवायला तो थोडा वर उचलून तिरका करावा लागतो. नव्याबरोबर आलेला दांडाच वापरायचा. जुना तसाच दिसला तरी लांबी जरा इकडेतिकडे असेल तर दाते बसायच्या आधी वीज सुटते आणि फ्लायव्हीलचे दाते जातात. जुने कारागीर सोलेनॉइड टाकून देण्याआधी टोपण उघडून चकती उलटी बसवतात, बोल्ट अर्धा वळवून त्याचा न झिजलेला भाग समोर आणतात. काही जपानी सेल्फमध्ये तर नुसते तांब्याचे तुकडे सुटे मिळतात. गाडीत चढवण्यापूर्वी जंप केबलने जमिनीवर तपासायचं तर मोटर पायाखाली घट्ट दाबून धरावी, ती उसळते. आणि तपासणी दोन-चार सेकंदांतच आटपावी.

फोर्डच्या मडगार्डातला जुना, फक्त जोडणारा सोलेनॉइड संपला नाही. १९८४ मध्ये आपल्याकडे किनेटिक होंडा आली आणि किक न मारता, बटणावर स्कूटर सुरू होऊ लागली. आज दुचाकीच्या सीटखाली बॅटरीशेजारी जो रिले असतो तो त्याचाच वंशज. पिनियनशी त्याला कर्तव्य नाही.

विजेच्या मोटारीत सेल्फच नाही, म्हणून हे घराणं तिथं संपलं असं वाटेल. पण मोठी बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये काँटॅक्टर असतात. वेटोळं, सरकणारा दांडा, तांब्याचे संपर्क, आणि त्यांना जागं करणारी साधी १२ व्होल्टची बॅटरी. फरक इतकाच की त्यांच्या पलीकडे शेकडो व्होल्ट उभे असतात आणि केबल नारिंगी रंगाच्या असतात. तिथं पाना घेऊन घरी बसायचं नाही.