शिव्यांची वंशावळ

सुरतेहून खानदेशाकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर, उधन्याच्या पुढे लागणारे चलथाण हे साखर कारखान्याचे गाव असल्यामुळे ऊसतोडीच्या हंगामात तेथे गुजरातीच्या जोडीने अहिराणी व मराठीही कानी पडते. आणि मुकादमाचा पारा चढला म्हणजे त्याच्या मुखातून निघणारे ‘बदमाश’, ‘हरामखोर’, ‘लुच्चा’ हे शब्द समजण्यास कोणालाच दुभाष्याची गरज भासत नाही.

अकबराने १५७३ मध्ये सुरत जिंकल्यावर या मुलखावर मोगलांच्या फारसी दप्तराचा अंमल बसला. त्या दप्तरात विद्वानांना व फकिरांना निर्वाहासाठी दिलेल्या करमुक्त जमिनीस ‘मदद-ए-मआश’ म्हणत. मआश म्हणजे उपजीविका. तेव्हा ज्याची उपजीविका वाईट मार्गाने चालते तो बदमाश. निषिद्ध अन्न खातो तो हरामखोर, आणि धन्याच्या मिठाला जागत नाही तो निमकहराम. मनुष्य कोणाचे व कसे खातो, यावरच त्या सरंजामी समाजात त्याची अब्रू ठरत असल्यामुळे त्याच्या भाकरीवर केलेला आघात सर्वांत मर्मभेदी ठरे, असे मला वाटते. गावाचा पुढारी या अर्थी त्याच दप्तरात मिरवलेला मुकादम आज उसाच्या फडात टोळी हाकतो.

दुसरे कुळ धर्मकलहातून जन्मलेले दिसते. गिरनारच्या शिलालेखात अशोकाने सर्व पाषंडांचा, म्हणजे सर्व धर्मपंथांचा, आदर करावा असे आवर्जून कोरविले. पुढे तोच शब्द पाखंड होऊन निंदेचा झाला. त्याची स्वतःची ‘देवानांप्रिय’ ही पदवीदेखील उत्तरकालीन वैयाकरणांनी मूर्खाच्या अर्थाने नोंदविली. लुच्चा हा शब्द ‘लुंचित’ म्हणजे केश उपटलेला यावरून, अर्थात जैन साधूंच्या केशलोचाच्या व्रतावरून आला असावा, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. ‘नंगालुच्चा’ या जोडशब्दामुळे त्या तर्कास बळकटी येते. ज्या तपस्येपुढे गुजरातेतील सहस्रावधी लोक नतमस्तक होतात तिचेच नाव प्रतिपक्षाच्या तोंडी असे विटाळावे, हे वाचताना मन विषण्ण होते.

डांबिस हा शब्द मात्र साहेबाच्या ‘डॅम्ड बीस्ट’ या शिवीवरून आला, ही लोकप्रिय कथा मला पटत नाही. दंभ आणि दांभिक हे शब्द घरात असताना मराठीने एवढ्यासाठी साहेबाच्या दारी जाण्याचे प्रयोजन नव्हते.

चलथाण ज्या पलसाणा तालुक्यात आहे, तो पलसाणा महाल १९४९ पर्यंत बडोद्याच्या गायकवाडांकडे होता. राज्यकारभारातील पारिभाषिक शब्दांना भारतीय पर्याय सुचविणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९३१ मध्ये सिद्ध झाला. कचेरीच्या भाषेसाठी त्यात एवढे परिश्रम वेचले गेले. फडातल्या बदमाशाला पर्याय मात्र कोणी मागितला नाही.