पाहणाऱ्यांचे घाट, वाहणाऱ्यांचे घाट

सह्याद्रीतून दुचाकीवरून लांबचा प्रवास आखायचा म्हटले, की नकाशावर पहिली खूण पडते ती 'निसर्गरम्य' घाटांवर. कोणता घाट अधिक देखणा, कोणत्या वळणावरून दरी दिसते, धबधबे कधीपर्यंत वाहतात, याच प्रश्नांभोवती बहुतेकांची आखणी फिरत असते. आम्हीही असा एक मार्ग आखीत आहोत: जुन्नर, खंडाळा, खोपोली, पेण, महाड, पोलादपूर, महाबळेश्वर, सातारा, कराड, कोल्हापूर, आजरा, आंबोली आणि शेवटी वेंगुर्ल्याचा किनारा. ही नावे ओळीने मांडताना मात्र ध्यानात येते, की यांतील बहुतेक वाटा पाहणाऱ्यांसाठी झालेल्याच नाहीत. त्या वाहणाऱ्यांसाठी झाल्या. सह्याद्रीचे सौंदर्य टिपणाऱ्या आपल्या प्रवासलेखनात या ओझ्याचा उल्लेख क्वचितच येतो. ही उणीव केवळ माहितीची आहे की दृष्टीची, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आधी काळाचे पाहू. पावसाळ्यात दरडी कोसळतात, घाट बंद पडतात, म्हणून आम्ही दसऱ्यानंतरचे दिवस धरले. हा शहाणपणा आमचा नव्हे. मोहिमांसाठी सीमोल्लंघन व्हायचे ते दसऱ्याला, आणि लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून घाट उतरत, कोकणातले मीठ घेऊन वर चढत, तेही पाऊस सरल्यावरच. पेट्रोलवर चालणारी गाडीही शेवटी बैलांचेच पंचांग पाळते.

पहिला मुक्काम जुन्नर. तेथून सुमारे ३० किलोमीटरवर नाणेघाट. गाडी माथ्यापर्यंतच जाते. खाली कोकणात उतरणारी वाट आजही पायीच उतरावी लागते. येथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांच्या दक्षिणेची जंत्री आकड्यांसह कोरलेली आहे. राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा नष्ट झाल्या. भिंतीवर नावे तेवढी उरली. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. रांजणाचा उपयोग काहीही असो, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे येणारा माल याच खिंडीतून चढत होता, हे निश्चित. दान देणाऱ्यांची नावे दगडावर आहेत. माल चढवणाऱ्यांची कोठेच नाहीत.

बोरघाटात हीच कहाणी अधिक उघडपणे वाचता येते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, येथे चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. आगगाडीला चढ झेपावा म्हणून ३७ फुटांना एक फूट एवढाच उतार राखावा लागला, आणि त्यासाठी हजारो मजुरांनी कातळ फोडला. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो दगावले. जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रज अभियंत्यांना डोंगरातली वाट दाखवणाऱ्या आणि त्याबद्दल प्राणाला मुकलेल्या धनगराची ही कथा. तिला कागदोपत्री आधार शोधण्यापेक्षा, ती लोकांना सांगावीशी का वाटली, हे विचारणे अधिक उपयोगाचे. ज्यांची नोंद दप्तरात झाली नाही, त्यांची नोंद लोकांनी देवळात ठेवली. येणारे-जाणारे चालक आजही तेथे नाणे टाकतात. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. एका अर्थी हे बरेच झाले; दुचाकीस्वाराला शिंगरोबाच्या वाटेनेच उतरावे लागते.

महाबळेश्वर हे 'दृश्या'चे जन्मस्थान म्हणता येईल. १८२८च्या सुमारास याच माल्कम यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी थंड हवेचे ठिकाण वसवले, आणि कड्याकड्यांना साहेबांची नावे देऊन 'पॉइंट' तयार झाले. पोलादपूरहून वर येणारा आंबेनळी घाट आधी फिट्झजेराल्ड या गव्हर्नरांच्या नावाने ओळखला जाई. त्याच परिसरातल्या जुन्या वाटेचे नाव मात्र रडतोंडीचा घाट. अफझलखानाचे सैन्य १६५९ मध्ये याच वाटेने पारकडे उतरले. 'पॉइंट' हा शब्द उभे राहून बघणाऱ्याचा आहे, 'रडतोंडी' हा धापा टाकीत चालणाऱ्याचा. एकाच डोंगराची ही दोन भाषांतली दोन वाचने आहेत, आणि आपले प्रवासलेखन बहुतांशी पहिल्या वाचनाचे वारस आहे.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी याच मार्गावर आणखी दोन गावे आहेत. पेण तालुक्यातील वरसई हे विष्णुभट गोडसे यांचे गाव. घरावरचे कर्ज फिटावे एवढ्यासाठी दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यातून लिहिलेला 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरे गाव वाळवे तालुक्यातील वाटेगाव, अण्णा भाऊ साठे यांचे. पोट भरण्यासाठी हे कुटुंब तेथून मुंबईपर्यंत पायी गेले. साठे यांच्या 'माझा रशियाचा प्रवास'ला आपण प्रवासवर्णन म्हणतो. वाटेगाव ते मुंबई ही पायपीट मात्र चरित्राच्या पहिल्या प्रकरणात आटोपते. प्रवासाला परत येण्याचे तिकीट असेल तरच तो वाङ्मयप्रकार ठरतो काय? घाट उतरून गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्यांना मुंबईने 'घाटी' हे नाव दिले. ज्या वाटेने माणसे आली तिचेच नाव त्यांना शिवीसारखे चिकटले, आणि वाट तेवढी निसर्गरम्य ठरली.

शेवटचा घाट आंबोलीचा. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीला लागणारे सामान याच बाजूने वर जात असे. आज येथे धुके आणि धबधबे पाहायला गर्दी होते, आणि त्यात गैर काही नाही. डोळ्यांना सुख देणारा डोंगर पाहून मान खाली घालावी, असे आमचे म्हणणे नाही. वळण घेताना ते तसे का आहे, एवढे ठाऊक असावे. लादलेल्या गाडीच्या बैलाला दम धरता यावा म्हणून रस्ता डोंगराला वळसे घेत चढला. त्याच वळशांवर आज आपण गाडी थांबवून दरी पाहतो.

म्हणून आमच्या आखणीत वरसई आणि वाटेगाव यांना प्रत्येकी अर्धा दिवस दिला आहे. 'पाहण्याजोग्या स्थळां'च्या यादीत ही दोन्ही नावे नाहीत. विद्यार्थ्यांनी असा मार्ग आखला, तर त्यांनी आपल्या टिपणवहीत दोन रकाने पाडावेत: एक काय दिसले याचा, दुसरा या वाटेने काय आणि कोणी वाहिले याचा. दुसरा रकाना भरायला वेळ लागेल. मराठी प्रवासलेखनाचे पुढचे काम त्याच रकान्यात आहे.