दवाखान्याचे दप्तर संगणकावर

फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातील केसपेपरचे कपाट हळूहळू रिकामे होत असून त्याची जागा संगणक घेत आहे. रुग्णाची नोंदणी, भेटीची वेळ, तपासणीची टिपणे, औषधांची चिठ्ठी, शुल्काची पावती आणि औषधांचा साठा ही सर्व कामे एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीस 'प्रॅक्टिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर' म्हणतात. पावती झटपट छापून मिळते म्हणून अनेक डॉक्टर तिच्याकडे वळतात. मात्र रुग्णाचा पूर्वेतिहास वर्षानुवर्षे शाबूत राहतो की नाही, ही तिची खरी कसोटी आहे.

काम कसे चालते?
पहिल्या भेटीत प्रत्येक रुग्णास स्वतंत्र क्रमांक मिळतो. आपल्याकडे एकच मोबाइल क्रमांक अनेकदा संपूर्ण कुटुंबाचा असतो आणि एकाच नावाचे अनेक रुग्ण असतात. त्यामुळे केवळ नाव किंवा मोबाइलवरून नोंद शोधल्यास वडिलांची औषधे मुलाच्या पत्रिकेत जाण्याचा धोका संभवतो. जन्मतारखेसह ओळख पडताळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

डॉक्टरांनी ड्रेसिंग किंवा इंजेक्शनची नोंद केली की त्याचा आकार देयकात आपोआप येतो. एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी एकदा नोंदविली असल्यास ते औषध पुन्हा लिहिताना चांगली प्रणाली सावध करते. मात्र मागील भेटीचे टिपण जसेच्या तसे उतरविण्याची सोय दुधारी आहे. वेळ वाचतो, पण न केलेली तपासणीही केल्याचे नोंदीत दिसू लागते. न्यायालयात अशी नोंद डॉक्टरांच्याच अंगलट येऊ शकते.

नियम काय सांगतात?
भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. रुग्णाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. नोंदी त्वरित सापडाव्यात यासाठी त्यांच्या संगणकीकरणाचे प्रयत्न करावेत, असेही त्याच संहितेत नमूद आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले. परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देण्यात आल्याने २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली. रुग्णाला केसपेपरची प्रत नाकारता येणार नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच घेतली होती.

देयकाचे गणित
पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असणे आचारसंहितेनुसार आवश्यक आहे. विम्याचा परतावा मागताना अनुक्रमांक, तारीख आणि बाबनिहाय रकमा असलेली पावतीच उपयोगी पडते. वैद्यकीय सल्ला व उपचार वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मात्र करपात्र ठरते. प्रणालीत ही वर्गवारी आरंभीच नीट केल्यास वर्षअखेरीची धावपळ टळते. रद्द केलेली पावती पुसली न जाता 'रद्द' या शेऱ्यासह कायम राहावी, हा हिशेबाचा साधा दंडक येथेही लागू आहे.

एकाच भाषेतील नोंदी
निरनिराळ्या प्रणालींतील नोंदी परस्परांना कळाव्यात यासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये आरोग्यनोंदींची मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. या मानकांसाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्याअंतर्गत मिळणारा १४ अंकी 'आभा' क्रमांक ऐच्छिक असून रुग्णाच्या संमतीनेच नोंदी एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

सुरक्षेचा प्रश्न
नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि पुढे कित्येक दिवस तेथील कामकाज हाताने लिहून करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर छोट्या दवाखान्याने बेसावध राहणे परवडणारे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डॉक्टर आणि स्वागतकक्षातील कर्मचारी यांचे पासवर्ड वेगळे असावेत. पैसे घेणाऱ्यास रुग्णाचे निदान दिसण्याचे कारण नाही. नोंदींची प्रत दररोज अन्यत्र साठवावी आणि ती प्रत खरोखर उघडते का, हे अधूनमधून तपासावे.

खरेदीपूर्वी विचारा
* करार संपल्यावर सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील काय? विक्रेत्याचे उत्तर लेखी घ्यावे.
* वार्षिक शुल्क थकल्यास जुन्या नोंदी पाहता येतील काय?
* इंटरनेट वा वीज नसताना काम कसे चालेल?
* कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद राहते काय?
* मराठी मजकूर युनिकोडमध्ये साठविला जातो काय? जुन्या फॉन्टमधील नावे दुसऱ्या प्रणालीत नेताच निरर्थक अक्षरे उमटतात. 'सकाळी १, रात्री १, जेवणानंतर' ही सूचना मराठीत छापली जाणे वृद्ध रुग्णांच्या दृष्टीने मोलाचे आहे.

'ओपनईएमआर'सारख्या मुक्त प्रणालींना परवाना शुल्क नसते. मात्र त्या बसविणे व सांभाळणे यासाठी जाणकार माणूस लागतो आणि तो खर्च धरावाच लागतो. जुने कागद एकदम संगणकावर चढविण्याऐवजी रुग्ण जसजसा येईल तसतशी त्याची अ‍ॅलर्जी, दीर्घकालीन आजार व चालू औषधे एवढी माहिती प्रथम भरणे व्यवहार्य ठरते.

विक्रेते बदलतात, संगणकही कालबाह्य होतात. मधुमेहाच्या रुग्णाचा वीस वर्षांचा आलेख मात्र पुन्हा तयार करता येत नाही. म्हणून प्रणाली निवडताना तिच्यात माहिती कशी भरायची याइतकेच, ती सुखरूप बाहेर कशी काढायची, हेही डॉक्टरांनी पाहून घ्यावे.