रानपिंगळ्याची हाक

पिंगळ्याशी मराठी माणसाचे नाते पूर्वापार कानाचे आहे. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी त्या पक्ष्याच्या बोलीवरून भविष्य सांगे आणि घरची बाई त्याला सुपातून धान्य घाली. तसेच पावशाचे. तो ओरडू लागला, की शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ असा निरोप ऐकू येई. ऐकणे हे त्या काळी जगण्याचेच एक साधन होते.

याच पिंगळ्याच्या एका रानातल्या भाऊबंदाची हकिकत मला मोठी बोधप्रद वाटते. ब्लेविट नावाच्या गृहस्थाला तो १८७२ साली मिळाला आणि पुढल्याच वर्षी ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्याला ब्लेविटचे नाव दिले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कोणाच्या दृष्टीस पडेना. संग्रहालयांत पेंढा भरलेली सात कातडी तेवढी उरली. पण कातड्याला कंठ नसतो! तो बोलतो कसा, हेच ठाऊक नसल्यावर त्याला रानात हुडकायचे कसे? त्यात माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने एक जुने कातडे चोरून, ते आपण १९१४ साली गुजरातेत मिळवले, अशी थाप मारून ठेवलेली. शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ती लबाडी उघडकीस आणणाऱ्या पामेला रासमुसेन आपल्या सहकाऱ्यांसह खानदेशात आल्या आणि १९९७ साली शहाद्याजवळ, तब्बल ११३ वर्षांनी, रानपिंगळा जिवंत भेटला. त्याची हाक आता ध्वनिमुद्रित झाली आहे. शोध घेणारे ती रानात वाजवतात आणि उत्तरासाठी कान देतात.

आणि २०१४ साली हा सातपुड्याचा रहिवासी आढळला तो कोठे? शहापूर तालुक्यात, आटगावच्या शेजारच्या तानसा अभयारण्यात!

आटगावचे रान काही एकांतातले नव्हे. १८६१ साली येथून लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत गेला आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीला पोचला. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाऊ लागले. मुंबई-आग्रा रस्ता जवळूनच जातो. २०२५ पासून तालुक्यातून समृद्धी महामार्गही धावतो. आगगाडी निघून गेली, की रान पुन्हा बोलू लागते. पण अखंड वाहणाऱ्या मोटारींना असा खंड कोठला?

गोंगाट पाखराला मारीत नाही, त्याचा निरोप बुडवतो. हॉलंडातील लायडन शहरात गजबजलेल्या भागातले वल्गुली पक्षी वरच्या पट्टीत गातात, असे २००३ साली दिसून आले. घुबडे उंदराची खसखस ऐकून झडप घालतात. गोंगाटात त्यांची शिकार हुकते, हे अमेरिकेतील प्रयोगांतून २०१६ साली कळले. उलट, २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या चिमण्या हळू, खालच्या स्वरात गाऊ लागल्या आणि तरीही त्यांचे गाणे अधिक लांबवर पोचू लागले.

मला यातच मोठा दिलासा वाटतो. तोडलेला साग पुन्हा उभा राहायला पिढी जाते. गोंगाट मात्र आपण थांबवला, की त्या घटकेला थांबतो. मुंबईकर वाचकहो, ज्या रानाचे पाणी आपण चार पिढ्या प्यालो, त्या रानाचे एवढे तरी देणे आपण लागतो. या दिवाळीत पणत्या भरपूर लावा. फटाक्यांना मात्र थोडी विश्रांती द्या. आणि सुटीत आटगावला गेलात, तर मोटारीचा भोंगा न वाजवता उतरा आणि घटकाभर नुसते ऐका.